किती सोडले ते नका सांगू, किती परत आले ते सांगा

अमेरिकेच्या वायव्य भागात सॅल्मन माशांच्या हॅचऱ्यांवरून, म्हणजे पिल्लं माणसाच्या देखरेखीखाली वाढवून नदीत सोडणाऱ्या केंद्रांवरून, जो वाद चाललाय तो कित्येक वर्षं एकाच जागी गोल गोल फिरतोय. एक बाजू म्हणते हॅचरी नदीच्या मुळावर आलीये, ती बंद करा, वाइल्ड, म्हणजे नदीतच जन्मलेला, मासा आपोआप सावरेल. दुसरी बाजू म्हणते नदीत मासे कमी झालेत ना, मग अजून पिल्लं सोडा, अजून हॅचऱ्या बांधा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एक साधा प्रश्न बाजूला ठेवतात, की तुम्ही जे करताय त्याने नदीत स्वतःहून जन्मणारे मासे वाढले की घटले हे तुम्हाला कळणार कसं? माझं म्हणणं सरळ आहे. हॅचरी चांगली की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. जिचा प्रत्येक मासा ओळखता येतो, जिचं उद्दिष्ट लिहून ठेवलंय आणि जी कधी बंद करायची हे सुरू करतानाच ठरलंय ती हॅचरी ठेवा. बाकीच्यांना पैसे देणं थांबवा. आणि मोजणीचा खर्च बजेटच्या शेवटी उरलं तर करायचा खर्च नाहीये, तो पहिला खर्च असायला हवा.

ज्यांना हा मासा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅल्मन नदीच्या खडीत जन्मतो, काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्यात काढतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी वासाच्या आधाराने आपल्याच ओढ्यात परत येतो, अंडी घालतो, आणि पॅसिफिकमधल्या बहुतेक जाती त्यानंतर मरतात. हॅचरीत काय करतात, तर परतलेल्या माद्यांची अंडी काढून फळवतात, ट्रेमध्ये उबवतात, पिल्लं हौदात वाढवतात आणि मग नदीत सोडून देतात. नदीत बहुतेक अंडी-पिल्लं मरतात, हॅचरीत बहुतेक जगतात. कागदावर हा हिशोब इतका गोड दिसतो की दीडशे वर्षं सरकारं त्याला भुलत आलीयत. १८७२ मध्ये लिव्हिंगस्टन स्टोनने कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर पॅसिफिक सॅल्मनची पहिली हॅचरी काढली, आणि तीनच वर्षांनी, म्हणजे १८७५ मध्ये, यूएस फिश कमिशनचा प्रमुख स्पेन्सर बेअर्ड ओरेगनच्या लोकांना सल्ला देत होता की मासेमारीवर कायदे करून ते पाळायला लावणं अवघड आहे, त्यापेक्षा कृत्रिम पैदाशीवर पैसा लावा. लक्षात घ्या, तोपर्यंत हॅचरीतून सोडलेली पिल्लं किती परत येतात याचा भरवशाचा आकडा कुणाकडेच नव्हता. मासे कमी व्हायची कारणं बेअर्डला माहीत होती, जास्तीची मासेमारी, बांध, बिघडलेल्या नद्या, ती त्याने स्वतःच मांडली होती. तरी उपाय मात्र असा निघाला की ज्याने यातल्या एकाही गोष्टीला हात लावावा लागणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

याचं सगळ्यात वाईट रूप वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर दिसलं. तिथलं खालचं धरण १९१३ मध्ये पूर्ण झालं. राज्याचा कायदा तेव्हाही सांगत होता की माशांना वर जायला वाट ठेवली पाहिजे. ती ठेवली नाही, आणि धरण अडवण्याऐवजी तडजोड झाली की वाट नको, त्याबदली हॅचरी द्या. ती हॅचरी १९२२ पर्यंत बंदही पडली. धरण मात्र पुढची नव्वद वर्षं उभं राहिलं. म्हणजे हॅचरीने तिथे मासे दिले नाहीत, धरणाला परवाना दिला. नंतर मोठ्या प्रमाणावर हेच कोलंबिया नदीवर झालं. ग्रँड कूलीचं धरण १९४२ मध्ये पूर्ण झालं, त्याला माशांची शिडी नाही, त्यामुळे वरची शेकडो किलोमीटरची नदी कायमची तुटली, आणि नुकसानभरपाई म्हणून खाली हॅचऱ्या आल्या. एके काळी कोलंबियात दरवर्षी १ ते १.६ कोटी सॅल्मन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारे रेनबो ट्राउट) परत यायचे असा अंदाज आहे. आज त्या खोऱ्यात दरवर्षी १४ कोटींच्या घरात पिल्लं सोडली जातात, आणि तरी परतणारे मासे जुन्या अंदाजाच्या आसपासही जात नाहीत. गळक्या रांजणात वरून अजून पाणी ओतत राहायचं आणि ओतलेल्या घागरी मोजून काम चांगलं चाललंय म्हणायचं, असं हे आहे.

मोजणी नसली की नशीब आणि कर्तृत्व यातला फरकच कळत नाही. हा मुद्दा लोकांच्या डोक्यात उतरत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ओरेगनच्या किनाऱ्यावर १९६० आणि ७० च्या दशकात हॅचरीतले कोहो सॅल्मन भरपूर परत यायला लागले, मासेमारी वाढत गेली, १९७६ चा हंगाम तर जोरदार झाला, सगळ्यांना वाटलं की कोडं सुटलं. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, आकडे धाडकन कोसळले. कारण त्याच सुमाराला समुद्राची अवस्था बदलली होती, पाणी गरम, खाणं कमी. चांगल्या वर्षांचं श्रेय हॅचरीला दिलं गेलं होतं, त्यातलं बरंचसं समुद्राचं होतं. आणि या सगळ्यात वाइल्ड कोहोंचं काय झालं? हॅचरीचे मासे भरपूर आहेत म्हणून जाळी आणि गळ जास्त लागले आणि त्याच पाण्यात पोहणारे थोडेसे वाइल्ड मासे पण त्यातच गेले. एकूण आकडा फुगलेला, त्यामुळे आतून पोखरलेलं कुणाला दिसलं नाही. कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणावर १९३८ पासून मासे मोजतात, ही चांगलीच गोष्ट, पण जोपर्यंत हॅचरीच्या माशाचा पाठीवरचा छोटा ॲडिपोज पर कापून खूण करायची पद्धत सरसकट आली नव्हती तोपर्यंत समोरून गेलेला मासा खडीत जन्मलेला की हौदात वाढलेला हे नुसतं बघून सांगणार कसं?

आता हॅचरीच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम पुरावा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. ओरेगनमधल्या हूड नदीवर पॉवरडेल धरणाच्या सापळ्यात वर जाणाऱ्या स्टीलहेडचे खवल्यांचे नमुने वर्षानुवर्षं घेतले गेले आणि त्यांच्या डीएनएवरून कोण कुणाचं पिल्लू हे शोधलं. २००७ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता की हॅचरीतल्या वाढीच्या प्रत्येक पिढीमागे नदीत पिल्लं देण्याची क्षमता साधारण ४० टक्क्यांनी घटते. हौदात जगायला जे गुण लागतात ते नदीत उपयोगाचे नसतात, आणि ही निवड एकाच पिढीत सुरू होते. अशा माशांनी वाइल्ड माशांशी जोड्या लावल्या की नुकसान पुढच्या पिढीत जातं. हे कुणी नाकारत असेल तर तो डोळ्यावर पट्टी बांधून बसलाय. पण म्हणून 'सगळ्या हॅचऱ्या बंद' हे सिद्ध होतं का? आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स या मूळनिवासी जमातीने चिनूक सॅल्मनसाठी वेगळी पद्धत वापरली, अंड्यांसाठी दरवेळी फक्त नदीत जन्मलेलेच मासे घ्यायचे, हॅचरीचा मासा पुन्हा हॅचरीत आणायचा नाही. तिथेही डीएनएनेच वंशावळ तपासली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की माशांची संख्या वाढली आणि क्षमतेचं नुकसान फारच थोडं झालं. जात वेगळी, पद्धत वेगळी, उत्तर वेगळं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही बाजूंचा सर्वात चांगला पुरावा एकाच ठिकाणाहून आला, वर्षानुवर्षं प्रत्येक परतलेल्या माशाचा नमुना घेत बसलेल्या लोकांकडून. ते लोक नसते तर दोन्ही बाजूंकडे नुसती मतं राहिली असती.

समर्थकांचा मुद्दा पण तेवढाच जड आहे आणि तो मी दोन भागात मानतो. पहिला, काही ठिकाणी हॅचरी नसती तर आज वाद घालायला मासाच उरला नसता. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीचा सॉकाय सॅल्मन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत, जवळजवळ २,००० मीटर उंचीवरच्या रेडफिश लेकपर्यंत येतो, वाटेत आठ धरणं ओलांडून. १९९१ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला आणि १९९२ मध्ये तिथे परतला एकच नर. एक! तेव्हा जे थोडे मासे हाती लागले त्यांच्यापासून बंदिस्त पैदास सुरू केली, आणि २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त परत आले. आधी नदी सुधारा मग मासा येईल, हे वाक्य त्या एका नराला सांगून काय उपयोग होता? दुसरा भाग हक्काचा. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५४-५५ च्या करारांमध्ये इथल्या मूळनिवासी जमातींनी आपली प्रचंड जमीन दिली आणि मासे धरायचा हक्क राखून ठेवला. १९७४ मध्ये फेडरल न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने सांगितलं की धरण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा त्यांचा आहे. आता ज्यांनी धरणं बांधली नाहीत, डोंगर बोडके केले नाहीत, त्यांना आपण सांगायचं का, की हॅचरी बंद करतोय, नदी सावरेपर्यंत तीस-चाळीस वर्षं थांबा? हे सांगायचा अधिकार मला तरी कुणाला दिसत नाही. पण या हक्कातूनच पुढची मागणी निघते, कारण करार हौदातल्या पिल्लांसाठी झाला नव्हता, मासे परत येण्यासाठी झाला होता. रस्त्याखालच्या ज्या मोऱ्यांनी माशांच्या वाटा अडवल्या त्या वॉशिंग्टन राज्याने दुरुस्त केल्याच पाहिजेत हा निकाल जमातींनीच मिळवला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात तो टिकला. हॅचरी मागणारे आणि नदी मोकळी करायला लावणारे हे तेच लोक आहेत, ही गोष्ट 'हॅचरी विरुद्ध नदी' असं चित्र रंगवणाऱ्यांना गैरसोयीची वाटते.

मोजणी म्हणजे नक्की काय हे बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं, मला वाटत नाही. पिल्लाच्या नाकाच्या कुर्च्येत जेमतेम एक मिलिमीटर लांबीची तार घालतात, तिच्यावर कोड असतो, मासा मोठा होऊन कुठेही पकडला गेला तर तो कुठल्या हॅचरीचा आणि कुठल्या वर्षीचा हे कळतं. किंवा १२ मिलिमीटरची काचेची पिट टॅग पोटात घालतात, तिला बॅटरी लागत नाही, धरणावरच्या अँटेनाजवळून मासा गेला की त्याची नोंद होते. पाण्यावर तरंगणारे फिरत्या पिंपाचे सापळे पिल्लं किती खाली चाललीयत ते सांगतात, सोनार आवाजाच्या लहरींनी गढूळ पाण्यातले मासे मोजतो, आणि माणसं गुडघाभर थंड पाण्यात चालून खडीतली घरटी आणि मेलेले मासे मोजतात. यातून काय हाती लागतं ते बघा. त्याच सॉकायसाठी २०१३ मध्ये आयडाहोतल्या स्प्रिंगफील्डला नवी मोठी हॅचरी उघडली, दहा लाख पिल्लांपर्यंत क्षमता. पिल्लं तब्येतीने छान, आणि सोडल्यावर थोड्याच दिवसांत मरायची. पिट टॅगमुळे दिसलं की ती पहिल्या धरणापर्यंत पोचतच नाहीयेत, मग शोध घेतला तर हॅचरीचं पाणी क्षारांनी जड आणि रेडफिश लेकच्या ओढ्याचं हलकं, हा बदल पिल्लांना सोसत नव्हता. मग त्यांना हळूहळू सवय लावायची पद्धत आणली. टॅग नसते तर? दरवर्षी 'इतकी लाख पिल्लं सोडली' असा अहवाल निघाला असता आणि तो अहवाल खराही असता.

आणि मोजणारे फक्त हॅचरीच्या चुका पकडत नाहीत. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबियाचं पाणी इतकं तापलं की अडीच लाखांच्या आसपास सॉकाय वाटेतच मेले, स्नेकवरचे तर जवळजवळ सगळेच. हॅचरीने कितीही पिल्लं दिली असती तरी तापलेल्या जलाशयांना त्याने काय फरक पडला असता? सिएटलच्या आसपासचे शहरी ओढे लाखो खर्चून सुधारले, कोहो परत आले आणि अंडी घालायच्या आधीच मरायला लागले, हे ओढ्यातून चालत मेलेले मासे उघडून बघणाऱ्यांच्या लक्षात आलं. पुढे कित्येक वर्षांच्या शोधानंतर २०२० मध्ये कारण सापडलं, टायरमधल्या रसायनापासून बनणारं ६पीपीडी-क्विनोन, जे पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात येतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हॅचऱ्यांमध्ये पिल्लं गोल गोल भिरभिरताना दिसली, तपासलं तर बी१ जीवनसत्त्वाची कमतरता, आया समुद्रात जवळजवळ नुसते अँकोव्ही नावाचे छोटे मासे खात होत्या म्हणून. नदीत हीच पिल्लं गुपचूप मेली असती आणि कुणालाही पत्ता लागला नसता. म्हणजे नीट चालवलेली हॅचरी स्वतःच मोजणीचं एक ठिकाण असते. हा फायदा दोन्ही बाजूंच्या भाषणांमध्ये कधी ऐकू येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो थिल्लर नाही. लोक म्हणतात मासे मोजून मासे वाढत नाहीत, अभ्यास हे निर्णय लांबवायचं सरकारी हत्यार आहे, आपण यांना नामशेष होईपर्यंत मोजत बसणार आहोत. बरोबर आहे, असं झालेलंय. धरणांच्या बाबतीत तर 'अजून डेटा हवा' हे वाक्य दशकानुदशकं वापरलं गेलंय. शिवाय पकडणं, पर कापणं, टॅग घालणं यात थोडे मासे दुखावतात, थोडे मरतात. पण याचा दोष मोजणीचा नाही, आकड्याला निर्णय न बांधण्याचा आहे. एल्व्हावर दुसऱ्या वेळी हे बऱ्यापैकी नीट झालं. २०११ ते २०१४ मध्ये तिथली दोन्ही धरणं काढली, कोट्यवधी टन गाळ खाली येणार हे माहीत होतं, त्या गढूळ वर्षांत मूळ वाण टिकावं म्हणून लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीची आणि राज्याची हॅचरी ठेवली. त्यावर खटलेही झाले. पण आराखड्यातच चार टप्पे लिहिले होते, आधी वाण जपणं, मग नदीत पसरणं, मग स्थानिक जुळणं, मग स्वतःच्या पायावर उभी राहिलेली संख्या, आणि कुठले आकडे गाठले की पुढच्या टप्प्यात जायचं आणि हॅचरीचा वाटा कमी करायचा हे पण ठरवलं होतं. पहिली काही वर्षं परतलेल्या चिनूकमधले बहुतेक हॅचरीचेच होते, हे मोजूनच कळलं आणि ते लपवलं नाही. उलट उन्हाळी स्टीलहेड, ज्यांच्यासाठी कुणी हॅचरी चालवली नव्हती, ते वरच्या भागात अडकून राहिलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशातून आपोआप उभे राहिले. एकाच नदीत एका जातीला आधार लागला, दुसरीला फक्त वाट मोकळी हवी होती. हे आधी घोषणा देऊन कुणाला कळलं असतं?

थांबायचं कधी हे न ठरवण्याची किंमत पूर्व किनाऱ्यावर कनेक्टिकट नदीने दाखवली. तिथला अटलांटिक सॅल्मन अठराव्या शतकाअखेरच्या बांधामुळे संपला होता, १९६७ मध्ये त्याला परत आणायचा कार्यक्रम सुरू झाला, बाहेरून वाण आणलं, वर्षानुवर्षं पिल्लं सोडली, आणि २०१२ मध्ये फेडरल खात्याने हात वर केले. पंचेचाळीस वर्षं! निष्ठेने काम केलेल्या माणसांना मी दोष देत नाही, पण पंधराव्या वर्षी 'एवढे परतले नाहीत तर दुसरं काहीतरी करू' अशी रेघ मारली असती तर उरलेला पैसा वाटा मोकळ्या करायला गेला असता. इंग्लंडमधल्या टाइन नदीची गोष्ट उलटी वाटते पण तीच आहे. १९५० च्या दशकात तिचं मुख इतकं घाण होतं की सॅल्मन जवळपास संपले होते, आज ती तिथल्या सगळ्यात चांगल्या सॅल्मन नद्यांमध्ये गणली जाते आणि पुष्कळ लोक श्रेय किल्डरच्या हॅचरीला देतात, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की मोठा वाटा मुखाजवळचं पाणी स्वच्छ झाल्याचा होता, हॅचरीचा छोटा. छोटा म्हणजे शून्य नव्हे, पण दुसऱ्या नदीने टाइनची नक्कल करताना आधी काय उचलायचं याचं उत्तर यावरून बदलतं. हॅचरी बांधणं दिसतं, फोटो येतो, फीत कापता येते. सांडपाण्याच्या प्लांटचं कौतुक कोण करतो?

आत्ता यातलं सगळ्यात महत्त्वाचं मैदान ओरेगन-कॅलिफोर्नियातली क्लॅमथ नदी आहे. तिथली चार धरणं काढायचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फॉल चिनूक, म्हणजे शरदात नदीत येणारे चिनूक, ओरेगनमधल्या वरच्या खोऱ्यात पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा, त्यांना कुणी ट्रकने नेलं नव्हतं. ओरेगनचा आराखडा मला समजूतदार वाटतो, फॉल चिनूकना स्वतःहून पसरू द्यायचं, आणि वसंतात येणारे स्प्रिंग चिनूक, जे आसपास फारच थोडे उरलेत, त्यांना माणसाने नेऊन वसवायचं. तिथेही २०२४ च्या फेब्रुवारीत फॉल क्रीक हॅचरीतून सोडलेली साधारण ८,३०,००० चिनूकची पिल्लं तेव्हा अजून उभ्या असलेल्या आयर्न गेट धरणाच्या बोगद्यातून जाताना वायूच्या दाबाने मेली. भयंकर घटना, पण ती काही दिवसांत उघड झाली आणि पुढची पिल्लं धरणाच्या खाली सोडायचं ठरलं, कारण खालच्या पाण्यावर लक्ष ठेवणारी माणसं आणि सापळे होते. आता ही हॅचरी धरणं काढल्यानंतर आठ वर्षं चालवायची ठरलीय, म्हणजे मुदत आहे. २०२४ च्या शरदात वर गेलेल्या माशांची खडीत जन्मलेली पिल्लं बहुतांशी २०२७ ते २०२९ मध्ये परततील, त्यांच्या अंगावर कसलीच खूण नसेल, त्यांना ओळखायला सोनार लागेल, खवले आणि डीएनए लागतील, थंडीत ओढे चालणारी माणसं लागतील. सोनार, प्रयोगशाळा आणि त्या माणसांचे पगार यांचा पैसा वर्षावर्षाच्या बजेटच्या भरवशावर न ठेवता किमान दोन पिढ्यांसाठी आत्ताच वेगळा काढून ठेवावा, आणि आठव्या वर्षी हॅचरीची मुदत वाढवायची की तिला टाळं लावायचं हे त्याच आकड्यांवर ठरवावं.